नव्वद दिवस आणि अर्धा इंच

२० फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी बोलणी खा. तुझ्या सायकलला डिलिव्हरीच्या व्हॅनने धडक दिली, डाव्या मनगटाचा चुरा झाला, आत धातूची पट्टी बसवली, आठ दिवस तू हॉस्पिटलात पडून होतास, आणि हे मला कळतं दीड महिन्यानं. तेही तुझ्या सासूकडून, ती इथे चष्मा करायला आली म्हणून. मी तुझी सख्खी आत्या. तुझी आई गेल्यावर तुझं नाक मी पुसलंय.

मला काळजी वाटेल म्हणून सांगितलं नाहीस म्हणे. आता काळजीही वाटते आणि रागही येतो. काय मिळवलंस?

आता मुद्द्याचं. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या बिलांच्या खिडकीत बसले आहे, तेव्हा हे कान देऊन ऐक. चूक व्हॅनवाल्याची होती, म्हणजे तुझ्या उपचाराचं बिल व्हॅनच्या विमा कंपनीने भरायचं. पण हॉस्पिटलला काही स्वप्न पडत नाही. विमा कंपनीचं नाव आणि क्लेमचा नंबर तू लेखी द्यायचा, घरी सोडल्यापासून नव्वद दिवसांच्या आत. दिलास तर बिल परस्पर तिकडे जातं. नाही दिलास तर एक्क्याण्णवाव्या दिवशी ते तुझं, मग तू कितीही बरोबर असलास तरी. डिस्चार्जच्या कागदाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं. भिंग घे आणि वाच.

फोन करू नकोस. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ऐकायचं नसतं. शिवाय फोनवर बोललेल्याला तारीख नसते. पत्र लिही.

आशीर्वाद आहेतच.
आत्या


२ मार्च

आत्या,

साष्टांग नमस्कार घालतो, पण एक हात गळ्यात टांगलेला असल्यामुळे एक अंग कमी पडेल. तेवढं उधार ठेव.

तू उगाच घाबरतेस. विमा कंपनीचा माणूस स्वतः दुकानात येऊन गेला. टाय लावला होता. माझ्याकडची पुस्तकं बघून म्हणाला, "वा, अजून हातानं शिवतं का कुणी?" क्लेमचा नंबर लिहून दिला आणि म्हणाला, "तुम्ही फक्त बरे व्हा, बाकी सगळं आमच्यावर सोडा." इतकं गोड बोलला की मीच त्याला चहा पाजला.

हाताचं म्हणशील तर प्लास्टर दहा दिवसांत निघेल. डॉक्टर म्हणतात, पट्टी काढून मनगट नीट फिरतं करायला आणखी एक ऑपरेशन लागेल, आणि ते जुलैच्या मध्यापर्यंत व्हायलाच हवं. त्यानंतर हाड आहे तसंच धरून बसेल. तसं झालं तर बाइंडरचं दुकान बंद करून मला कुठेतरी पहारेकरी म्हणून उभं राहावं लागेल, कारण एका हातानं पुस्तक शिवता येत नाही. पण तशी वेळ येणार नाही. २४ जूनची तारीख आत्ताच देऊन टाकली आहे त्यांनी.

तुझ्या सूनबाईचा नमस्कार. ती म्हणते, आत्यांचं ऐक. मी म्हटलं, ऐकतोच आहे.

तुझा,
ठोंब्या


७ मार्च

चि. ठोंब्या,

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला तो अजून काढलेला नाही.

"आमच्यावर सोडा" म्हणणाऱ्या टायवाल्यावर तू सोडलंस? अरे, त्याला काय घाई आहे? तुझे नव्वद दिवस उलटून गेले तर त्याच्या कंपनीचं बिल वाचतं. चहा कसला पाजतोस! हॉस्पिटलला कळवायचं काम तुझं आहे, त्याचं नाही.

हिशोब मी करून ठेवलाय. तुला १२ जानेवारीला घरी सोडलं. नव्वदावा दिवस १२ एप्रिल. तारीख भिंतीवर लिही, आरशावर लिही, सूनबाईच्या पाठीवर लिही. आणि शेवटच्या दिवशी जाऊ नकोस, त्या दिवशी त्यांचं मशीन हमखास बंद असतं.

अर्ज दोन प्रतींत लिही. एक त्यांना, एक तुला. तुझ्या प्रतीवर पोच घ्यायची, म्हणजे तारखेचा शिक्का आणि त्याच्या शेजारी हातानं लिहिलेला आवक क्रमांक. तो क्रमांक त्यांच्या आवक वहीतला असतो. पोच मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही, मागची रांग कितीही कुरकुरली तरी. आणि सगळे कागद एका फाईलमध्ये ठेव. तुझ्या कपाटात, टेबलावर, चपलांच्या फळीवर नाही.

तू नववीत असताना मी माझ्या खिडकीतल्या फाटक्या वह्या घरी आणायचे, तू शिवून द्यायचास. एक टाका इकडचा तिकडे नसायचा. तेवढंच लक्ष या कामात घाल, एवढंच मागते.

आत्या


२२ मार्च

आत्या,

साडेसातांगी नमस्कार. प्लास्टर निघालं, हात झकास आहे.

तुझं काम फत्ते. मागच्या आठवड्यात गेलो. पहिल्या खिडकीतली बाई म्हणाली, "पुढच्या खिडकीत." पुढच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "वरच्या मजल्यावर." वरच्या मजल्यावर एक कुंडी आणि एक बंद दार होतं. परत पहिल्या खिडकीत आलो, तर ती म्हणाली, "मग इथेच द्यायचं ना, आधी का नाही सांगितलंत?" मी तुझी आठवण काढली आणि दात आवळले. घरी आम्ही तिचं नाव "पुढची खिडकी" ठेवलंय.

पोच मागितली तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिची खुर्चीच मागितली. पण मी हललो नाही. शेवटी दिली. माझा अर्ज अक्षरानं गच्च भरलेला, म्हणून तिनं शिक्का उजव्या कडेला मारला आणि क्रमांक त्याच्याही पलीकडे, अगदी काठावर लिहिला.

झालं ना समाधान? आता ऑपरेशनपर्यंत मला या विषयावर एक शब्द लिहू नकोस. दुकानात काम साठलंय.

तुझा,
ठोंब्या


९ जून

आत्या,

तूच बरोबर होतीस, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं पत्र थोडं आखूड येईल.

हॉस्पिटलची नोटीस आली आहे. त्यांचं म्हणणं, मी विमा कंपनीची माहिती नव्वद दिवसांत दिलीच नाही. त्यामुळे सगळं बिल माझ्या नावावर, आणि ते मिटेपर्यंत २४ जूनचं ऑपरेशन रद्द. मी धावत गेलो. पुढची खिडकी म्हणाली, "तुमच्या नावासमोर काहीच दिसत नाही, मार्चमध्ये आमचं कॉम्प्युटरचं सगळं बदललं." मी म्हटलं, मी तुमच्याच हातात दिलं, बाई. ती म्हणाली, "माझ्या हातात दिवसाला दोनशे माणसं देतात." टायवाला फोन उचलत नाही.

लेखी तक्रार ३० जूनपर्यंत करता येते, पुराव्यासकट. ऑपरेशन जुलैच्या मध्याच्या पुढे गेलं तर उपयोग नाही, हे डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. आत्या, या वेळी मी खरंच घाबरलोय.

तक्रार तू लिही. अशी भाषा तुलाच येते. सगळे अस्सल कागद रजिस्टर पार्सलनं पाठवतोय. तू फाईल कर म्हणाली होतीस, पण फाईल म्हणजे बाइंडरच्या घरात शोभत नाही. मी त्यांचं पुस्तक केलंय. तारखेप्रमाणे लावलं, शिवलं, कडा एकसारख्या कापल्या, वर निळं कापड. साहेबासमोर ठेवलं की त्याला कळेल, माणूस व्यवस्थित आहे.

ठोंब्या


१४ जून

ठोंब्या,

पार्सल पोचलं. निळं कापड सुंदर आहे. आता बस आणि वाच.

तू कडा कापल्यास.

चौदाव्या पानावर तुझा अर्ज आहे. उजव्या काठावर शिक्क्याचा अर्धा चंद्र उरलाय. त्यात हॉस्पिटलचं अर्धं नाव आहे आणि तारखेतला नुसता एक आकडा, "१". पहिली तारीख, दहावी, की एकोणिसावी, देव जाणे. आवक क्रमांक तर पूर्णच गेला. ज्या अर्ध्या इंचासाठी मी तुला एक महिनाभर पत्रांतून बडवलं, तो अर्धा इंच तू सजावट म्हणून कापून टाकलास! जगात लाखो माणसं बिलं हरवतात, भिजवतात, चुलीत घालतात. पण पुरावा जपून, शिवून, निळ्या कापडात घालून, त्याच्यातला फक्त पुरावाच तेवढा नेमका कापून काढणारा माणूस आमच्याच घराण्यात जन्माला यायचा होता.

मला माहीत आहे पुढे काय होतं. खिडकीतली बाई कागद उलटासुलटा करते आणि म्हणते, "तारीख दिसत नाही. आवक क्रमांकाशिवाय आम्ही वही उघडत नाही." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. ते म्हटल्यावर समोरचा माणूस काय बोलू शकतो? काहीच नाही. म्हणूनच ते म्हणायचं असतं.

रागानं मी पुस्तक टेबलावर आपटलं. मग उचललं, उघडलं, आणि शिलाई बघितली.

ठोंब्या, टाके वाकडे आहेत. दाभणाची भोकं एका ओळीत नाहीत. दोन ठिकाणी तर भोक चुकून पुन्हा पाडलंय. हे तू शिवलंस? तू? तुझा हात झकास आहे ना? मार्चमध्ये लिहिलं होतंस. माझ्याकडे ते पत्र आहे, तारखेसकट.

खरं काय ते उलटटपाली कळव.

आत्या


१८ जून

आत्या,

हात झकास नाही. कधीच नव्हता.

प्लास्टर निघालं तेव्हापासून डाव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. कागदाची थप्पी धरता येत नाही. उजव्या हातानं दाभण मारलं की थप्पी सरकते. दुकानात काम साठलंय म्हणून लिहिलं ते खरं होतं, फक्त ते होत नाही म्हणून साठलंय, हे लिहिलं नाही. निम्मी गिऱ्हाईकं आपली पुस्तकं परत घेऊन गेली.  सूनबाई हल्ली शाळेत शिकवून आली की आधी दुकानात डोकावते आणि मग चप्पल काढते.

तीन महिन्यांत मी केलेलं हे एकच पुस्तक. थप्पी सूनबाईनं धरली, मी शिवलं, आणि संपल्यावर बघितलं तर असं. कडा कापायला बोटं लागत नाहीत. मशीनमध्ये ठेवायचं आणि दांडा ओढायचा. आत्या, मला त्या पुस्तकात एक तरी गोष्ट सरळ झालेली बघायची होती. म्हणून कापल्या. शिक्का डोक्यातच आला नाही. हवं तेवढं ओरड, मी ऐकतो.

पण एक गोष्ट. कातरण मी कधीच टाकत नाही, तुला माहीत आहे. कापलेल्या पट्ट्या मी त्याच पुस्तकाच्या पाठीला खळीनं चिकटवतो, कापडाच्या आत, पाठ मजबूत होते म्हणून. जुनी सवय आहे. म्हणजे तो अर्धा इंच तुझ्याच टेबलावर आहे, निळ्या कापडाखाली.

त्याला पाणी लावू नकोस. वाफही नको. शिक्क्याची शाई पसरेल. स्वयंपाकघरातल्या सुरीनं तर मुळीच नको. तुझं पत्र आलं की मी तिकडे यायला निघतो.

ठोंब्या


२२ जून

तू येऊ नकोस. तीन बोटं मिटत नाहीत, बसचा दांडा काय धरणार आहेस? पत्राच्या मागोमाग मीच पुस्तक घेऊन पोचते. तुझी पातळ सुरी पाजळून ठेव. सूनबाईला सांग, माझ्यासाठी काही करू नको म्हणावं, मी भांडायला येते आहे.

आत्या


३ जुलै

चि. ठोंब्या,

काल रात्री सुखरूप पोचले. शेजारच्या सीटवरचा माणूस सगळी वाट घोरला. मला वाटलं, मी बहिरी असल्याचा पहिल्यांदा फायदा होईल, पण तेवढी बहिरी अजून झालेली नाही.

तक्रार मंजूर झाली आणि ११ जुलै ही ऑपरेशनची तारीख मिळाली, एवढंच मी तुला त्या दिवशी हॉस्पिटलात सांगितलं. तू एक्स-रेच्या रांगेत होतास, परत आलास तेव्हा माझे डोळे लाल होते, आणि मी धुळीचं नाव सांगितलं. मला लपवलेलं आवडत नाही, असं तुला इतकं सुनावल्यावर मी स्वतः लपवणं बरं नाही. म्हणून लिहिते.

मी रांगेत उभी राहिले. एकतीस वर्षं काचेच्या त्या बाजूला होते, या बाजूला पहिल्यांदा. खिडकी किती उंच असते रे! टाचा उंचावून बोलावं लागतं, आणि बोललेलं आत पोचतं की नाही ते कळत नाही. तुझी पुढची खिडकी आपल्या सूनबाईच्या वयाची आहे. डोळ्यांखाली काळं, टेबलावर झाकण लावलेला डबा. मी पान पुढे केलं. तिनं उलटसुलट केलं आणि म्हणाली, "तारीख दिसत नाही, मावशी. आवक क्रमांकाशिवाय आम्ही वही उघडत नाही." माझंच वाक्य, शब्दाला शब्द.

मग मी ती पट्टी काढली, तू पाठीतून सोडवलेली, तुझ्या घामाचा डाग पडलेली. पानाशेजारी ठेवली. अर्ध्या चंद्राला उरलेला अर्धा लागला. तारीख १४ मार्च, शाई जरा पसरलेली. क्रमांकाचे पहिले तीन आकडे स्वच्छ, शेवटचे दोन खळीत गेलेले.

ती म्हणाली, "क्रमांक पूर्ण नाही."

ठोंब्या, बावीस वर्षांपूर्वी माझ्या खिडकीवर एक माणूस आला होता. गवंडी होता, पायावर भिंत पडली होती. त्याच्या कागदाची कड उंदरांनी खाल्ली होती. शिक्का होता, क्रमांकाचे दोन आकडे नव्हते. वही माझ्या हाताशी होती. शंभर नोंदी बघायच्या होत्या, फार तर अर्धा तास. मी म्हटलं, क्रमांक पूर्ण नाही. कारण जेवणाची वेळ झाली होती. त्यानं कागद खिशात घातला, कुबडी सावरली आणि गेला. त्याचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतरही माझी झोप कधी मोडली नाही, हे सगळ्यांत वाईट.

हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला बोलताच येईना. मी, जिला गप्प बसवायला अख्खं खातं हरलं! मी नुसती तिच्या डब्याकडे बघत राहिले. घड्याळात सव्वा वाजला होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग डब्याकडे. मग डबा बाजूला सरकवला आणि खालच्या खणातून वही काढली.

सत्तेचाळीस नोंदी तिनं बोटानं वाचल्या. तुझं नाव अठ्ठेचाळीसावं. अर्ज आलेला होता, कॉम्प्युटर बदलताना चुकीच्या गठ्ठ्यात गेला होता. ती म्हणाली, "चूक आमची आहे." या पाच-सात अक्षरांसाठी माणसं वर्षं घालवतात. मी तिला थँक्यू म्हटलं की नाही ते आठवत नाही. डोळे मात्र तिथेच लाल झाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येते. नको म्हणू नकोस. आणि टायवाल्यानं पुन्हा तोंड दाखवलं तर त्याला चहा द्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही.

आत्या


२० नोव्हेंबर

आत्या,

साष्टांग नमस्कार. मोजून घे, या वेळी आठही अंगं आहेत.

तिसरं बोट अजून सकाळी जरा कुरकुरतं, पण दुपारपर्यंत ताळ्यावर येतं. दुकानात मागच्या आठवड्यात पाच पुस्तकं शिवली. सूनबाई आता शाळेतून आली की आधी चप्पल काढते.

सोबत पार्सल पाठवतोय. तुझी सगळी पत्रं आणि हॉस्पिटलचे सगळे कागद, पुन्हा नव्यानं शिवलेले, तेच निळं कापड. टाके बघ, पट्टी लावून बघ हवं तर. जुन्या पाठीतून सोडवलेली ती पट्टी चौदाव्या पानाला तिच्या जागी चिकटवली आहे.

कडा कापल्या नाहीत. तुझी पत्रं लांब, बिलं आखूड, नोटीस भलतीच रुंद, त्यामुळे पुस्तक एका बाजूनं दातरं झालंय आणि दिसायला घाण दिसतं. दोनदा मशीनमध्ये ठेवलं होतं, दांड्यावर हातही गेला होता. दोन्ही वेळा काढून घेतलं.

तुझा,
ठोंब्या